चार बोऱ्या रेती

अख्ख्या इंदुरात मोठ्या झुल्यावर, म्हणजे आकाशपाळण्यावर, सगळ्यात जास्त वेळ बसायचा रेकॉर्ड माझ्या नावावर आहे. मला खाली उतरवायची कोणाला गरज वाटली नाही, म्हणून तो झाला.

मागच्या महिन्यात माझ्या बहिणीच्या, शालूताईच्या, नातीनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना गाडीत घालून तिथं नेलं. राऊकडे जाताना आता इकडे कॉलेज, तिकडे फ्लॅट, आणि त्याच्या मध्ये फसलेली ती बाग अजून आहे. टिकिटाच्या खिडकीत एक बकरी बसली होती. नात म्हणाली, "नानाजी, टिकिट घ्या." मी खिशात हात घातलासुद्धा. माझं हे असंच आहे, कोणी काही म्हटलं की हात आधी जातो आणि अक्कल मागून रिक्षा करून येते. आत झुल्याचा नुसता सांगाडा उभा, पाळणे सगळे कोणी नेले कोणास ठाऊक. ताई मान वर करून बघत राहिली. मी काही बोललो नाही. म्हणजे बोलणार होतो, पण तिनं हात वर केला.

तशी ती बाग तेव्हाही काही नवी नव्हती. मला तर वाटतं ती बनवली तेव्हाच जुनी बनवली होती. सिमेंटचा एक हत्ती, त्याची सोंड तुटून आतली सळई बाहेर आलेली. एक छोटी रेलगाडी, ती अर्धा चक्कर मारायची आणि मग सगळ्यांनी उतरून धक्का द्यायचा. घसरगुंडीला मधोमध टिनाचं ठिगळ, त्यामुळे पोरं वरून हसत यायची आणि खाली हात मागे लावून जायची. आणि तीन आरसे. एकात माणूस लंबू दिसायचा, एकात जाडा, तिसऱ्याचं काहीतरी बिघडलं होतं आणि त्यात माणूस जसा आहे तसाच दिसायचा. माझ्यासमोर लोक त्या तिसऱ्यातच जास्त हसायचे.

आणि तो झुला. आठ पाळण्यांचा, मोटारीवर चालणारा, आणि तो चालवायला गेंदालालजी. माळव्यातला माणूस, डोक्याला लाल फडकं, शब्द मोजून. त्यांच्या झुल्याचा एक कायदा होता. दोन माणसं एका पाळण्यात बसली की समोरच्या पाळण्यात रेतीच्या बोऱ्या ठेवायच्या. चार बोऱ्या होत्या, झुल्याखालीच पडलेल्या असायच्या. मी एकदा विचारलं होतं, "बोरियों का भी टिकिट लगता है क्या?" गेंदालालजी म्हणाले, "बोरी बोलती नहीं भिया, इसलिए फ्री बैठती है." तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

आम्ही तेव्हा अन्नपूर्णेला राहायचो, मंदिराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या. आमचे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते असं आई सांगायची. नाना, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, घोड्यांना चारा घालायचे. नाना गाड्यांच्या नंबराच्या पाट्या रंगवायचे. घरात सकाळी आधी तारपिनाचा वास यायचा, मग चहाचा, आणि कधीकधी चहालाच तारपिनाचा. दोरीवर आईची लुगडी आणि त्यांच्यामध्ये वाळत घातलेल्या पाट्या, वारा सुटला की टणटण वाजायच्या. मंदिराची घंटा आणि त्या पाट्या, मला अजून दोन्ही आवाज वेगळे करता येत नाहीत. नाना दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सहा माझ्याबद्दल आणि सहाही एकच. "ह्याचं काय होणार." शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नसायचं. मी चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा मास्तरांनीच घरी येऊन हात जोडले. मग शाळा सुटली. मला म्हणाल तर त्यात काही दुःख नव्हतं, शाळेनंसुद्धा मिठाई वाटली असेल.

शालूताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी सतरा-अठराचा, काडी. ती अंगानं भरलेली, उंच, चालली की जमीन कळायची कोणी येऊन राहिलं आहे. गल्लीतल्या बालवाडीत शिकवायची. मी तिला ट्रक म्हणायचो. नुसतं म्हणायचो असं नाही. एकदा नानांनी रंगवलेली एका खऱ्या ट्रकची पाटी मी हळूच तिच्या पाठीला पदराखाली अडकवली, आणि ती तशीच बालवाडीत गेली. पदर सरकला तशी पोरं तिच्यामागे पों-पों करत रांगेनं फिरली. घरी येऊन तिनं पाटी काढली, फडक्यानं पुसली, दोरीवर परत टांगली आणि मला म्हणाली, "नंबर वाच." मला येईना. "ज्याची गंमत करतोस ते वाचता तरी आलं पाहिजे," म्हणाली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या पाट्यांवरून तिनं मला आकडे आणि अक्षरं शिकवली. मग सायकलच्या मागे मला बसवून बाजारातून हळूहळू चालवायची, आणि मी दुकानांचे बोर्ड वाचायचो. चुकलो की ब्रेक मारायची. माझं नाक तिच्या पाठीवर आपटायचं. आज मी हे लिहून राहिलो आहे ते त्या ब्रेकांमुळे.

तिला चार स्थळं बघून गेली होती. चारही वेळा आईनं पोहे केले. आता तुम्ही सांगा, इंदुरात पोह्यांचं काय कौतुक? तो माणूस सकाळी चौकातून पोहे-जलेबी दाबूनच निघालेला असतो. खायचे, "वा" म्हणायचे, वरून शेव मागायची, आणि आठ दिवसांनी निरोप, मुलगा जरा नाजूक आहे. चौथ्या निरोपानंतर ताई रात्री जेवायला बसेना. बालवाडीत खाल्लं म्हणायची. बालवाडीत पोरांना मिळायचे भाजलेले चणे. आई ताट झाकून ठेवायची, सकाळी ते तसंच. मग देवासचं स्थळ आलं, शाळेत गणिताचे मास्तर, नाव अरविंद, वडील नाहीत, घरी फक्त आई. ताई म्हणाली, "हे शेवटचं. ह्याच्यापुढे मला कोणासमोर बसवायचं नाही." ओरडून नाही म्हणाली. पाट्या वाजत होत्या, तेवढ्यात म्हणाली. नानांनी ब्रश खाली ठेवला.

आईनं ठरवलं की ह्या वेळी घरी बघायचंच नाही. घरी बघितलं की गल्ली मोजते, पाचवं आलं, पाचवं गेलं. बागेत भेटायचं, योगायोगानं. आमच्या लोकांचा योगायोग असा असतो की पंधरा दिवस आधी पत्र जातं, चार वाजता हत्तीजवळ, आणि मग दोन्हीकडचे कडक इस्त्रीत, हातात डबे घेऊन समोर येतात आणि म्हणतात, "अरे! तुम्ही इकडे कुठे?"

पावसाचे शेवटचे दिवस, भुट्टे चांगले आले होते. पोहे बाद झाले आणि ताईनं भुट्ट्याचा कीस केला. मक्याचे दाणे किसून, दुधात शिजवून, वर हिंग-मोहरीची फोडणी. सगळी गल्ली दारात येऊन वास घेत होती. आईनं ताईला गडद निळी साडी नेसवली, म्हणे अंग कमी दिसतं. वजन विचारलं तर साठ सांगायचं. आरशांकडे न्यायचं नाही. आणि मग माझ्याकडे वळली. एक अख्खी सुपारी आणली, न फोडलेली, आणि म्हणाली, "आ कर." गालात ठेवली. "ते लोक जाईपर्यंत ही बाहेर येता कामा नये. बोललास तर शालूचं लग्न मोडलं असं समज." मी मान हलवली. गाल लिंबासारखा फुगला.

पण त्याच्या आधी, सकाळी, माझं काम करून मी मोकळा झालो होतो. आई म्हणाली होती, सायकलनं जा आणि जागा जरा नीट आहे का बघून ये. मी गेलो तर हत्तीपासून झुल्यापर्यंत सगळा चिखल. मनात आलं, देवासच्या काकूंच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, चपला भरतील. गेंदालालजी चहाला गेले होते. झुल्याखाली चार बोऱ्या रेती पडलेली. मी चारही फोडल्या आणि रेती रस्ताभर पसरली, पायानं दाबली, वरून दोन चकरा सायकल चालवली. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

चार वाजता योगायोग झाला. काकू आमच्या आईसारख्याच ठणठणीत, नऊवारीतल्या, डोळा असा की पिशवीतला डबा बाहेरून कळावा. अरविंदराव माझ्यासारखेच काडी, फक्त चष्मा लावलेली. काकू रेतीवरून चालत आल्या आणि म्हणाल्या, "रस्ता चांगला केला आहे हो." मी सुपारीमागून हसलो. त्यांनी विचारलं, "ह्याच्या गालाला काय झालं?" आई म्हणाली, "दाढ." ताई मान खाली घालून बसली होती. काकूंनी वय विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाल्या, "वजन?" आई पटकन म्हणाली, "साठ." नाना हत्तीकडे बघायला लागले. अरविंदराव चष्मा पुसत बसले. मला चार पोहेवाले आठवले, तेव्हाही अशीच शांतता झाली होती. मग आईच म्हणाली, जावईबापूंना, म्हणजे अरविंदरावांना, झुला दाखव. मुलगा-मुलगी एका पाळण्यात बसणं तेव्हा शक्य नव्हतं, म्हणून भावाला बसवायचे. मी त्यांच्या शेजारी, बोरीसारखा.

गेंदालालजी घाईत समोर बोऱ्या ठेवायच्या विसरले, खटका दाबला. आम्ही बरोबर टोकावर पोचलो आणि लाइट गेली.

मोटार थांबली. खालून गेंदालालजींचा आवाज आला, "बोरी कहाँ गई?" मी वरून हळूच बोट दाखवलं, रस्त्याकडे. त्यांनी रस्ता बघितला, मग मला बघितलं. माणूस शब्द मोजणारा, पण त्या दिवशी मोजले नाहीत. मग नानांना समजावून सांगितलं. वर दोन माणसांचं वजन, खाली रिकामं. ब्रेक सोडला तर वरचा पाळणा दणकन खाली येईल, हात मोडतील. खाली तेवढंच वजन बसलं पाहिजे, तराजूसारखं, तर हातानं हळूहळू फिरवता येतं. नाहीतर लाइट येईपर्यंत लटका.

अरविंदरावांनी डोळे मिटले होते. मनगट माझं धरलेलं, आणि तोंडानं एकोणिसाचा पाढा. म्हणे भीती वाटली की ते तोच म्हणतात, अवघड असतो, डोकं गुंतून राहतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला पहिल्यांदाच वाटलं, काहीतरी मस्करी करावी, माणूस हसेल. आणि नेमकी तेव्हाच तोंडात सुपारी.

खाली काकू ओरडत होत्या, "अहो, त्याला चक्कर येते, उतरवा!" गेंदालालजी म्हणाले, दो जने बिठाओ. आई म्हणाली मी नाही, नाना म्हणाले थांबा बघू. आणि त्या गडबडीत ताई उठली. निळ्या साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "दोन कशाला? मी एकटी पुरेन." आई म्हणाली, "शालू!" ताईनं आईकडे बघितलंच नाही. गेंदालालजींना सरळ विचारलं, "किती लागेल?" ते म्हणाले, अस्सी के आसपास. वर अरविंदराव म्हणत होते, "एकोणीस चोक... एकोणीस चोक..." आणि अडकले. आणि खालून ताईचा आवाज आला, खणखणीत, बालवाडीतला:

"शहात्तर."

अरविंदरावांनी डोळे उघडले. ताई म्हणते हा पाढ्याचा भाग मी नंतर चिकटवला आहे. चिकटवला असेल. पण शहात्तर तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, हे खरं आहे. आईनं तोंडावर हात ठेवला. शिवाय ताईनं डबा, पाण्याची सुरई आणि आईची पिशवी मांडीवर घेतली, "आता ऐंशी झाले," म्हणाली आणि पाळण्यात बसली.

गेंदालालजींनी ब्रेक सोडला, नानांनी खालून पाळणा धरला. ती वर यायला लागली, आम्ही खाली जायला लागलो. मधोमध एक क्षण आला, ती तिकडे, आम्ही इकडे, एकाच उंचीवर. तिनं आमच्याकडे बघून विचारलं, "ठीक आहात ना?" मला वाटलं मला विचारलं, मी मान हलवली. अरविंदरावांनीसुद्धा हलवली. आज इतकी वर्षं झाली, अजून ठरलेलं नाही कोणाला विचारलं होतं. जीजाजींचा आणि माझा ह्यावर दर दिवाळीला वाद होतो.

खाली पोचलो. अरविंदराव उतरून सरळ रेतीवर बसले. मी उतरायला लागलो तर गेंदालालजींनी कॉलर धरली. "तू कहाँ चला? बोरी तूने फेंकी, अब बोरी तू." खरंच होतं. ताई वर होती, आणि तिला उतरवायला खाली तेवढंच वजन पाहिजे. माझे चाळीस किलो होते, आणखी चाळीस कुठून आणायचे? अरविंदराव उठायला गेले, पाय उठेनात. नाना पुढे झाले. तेव्हा काकूंनी नानांना हातानं थांबवलं. वर बघितलं. वर ताई सुरई धरून शांत बसली होती, जशी बालवाडीत पोरं घरी जाईपर्यंत बसते.

"माझ्या पोरासाठी ती वर गेली," काकू म्हणाल्या. "तुम्ही कशाला? मी जाते." आणि कासोटा आवळून माझ्या शेजारी बसल्या.

आम्ही वर गेलो, ताई खाली आली, आणि मग आम्हाला उतरवायला कोणी उरलं नाही. म्हणजे होते, आई होती, नाना होते. पण काकूच वरून म्हणाल्या, "आता कोणाला चढवू नका. हे असं रात्रभर चालेल. लाइट येऊ द्या."

वरून सगळं दिसत होतं. मक्याची शेतं, महूकडे जाणारे ट्रक, लांब धुरात इंदूर. मी आमचं घर शोधत होतो. काकूंनी माझं दुसरं मनगट धरलं होतं, पहिल्यावर त्यांच्या पोराची बोटं अजून उमटलेली. त्यांनी माझा गाल निरखून बघितला. मग म्हणाल्या, "दाढ-बिढ काही नाही. काय आहे तोंडात?" मी सुपारी काढून दाखवली. "कोणी ठेवली?" "आईनं." "का?" "मी बोललो की नुकसान होतं." त्या म्हणाल्या, "आता इथं तुझी आई नाही. खरं सांग. तुझ्या बहिणीत खोट काय?"

मी हे आयुष्यात कोणाला सांगितलं नाही, पण तेव्हा मला झुल्यापेक्षा त्या प्रश्नाची जास्त भीती वाटली. आईनं सांगितलं होतं, बोललास तर मोडलं. आणि न बोलणंसुद्धा त्या बाईसमोर बोलल्यासारखंच होतं. मग मी सांगितलं. माझ्याकडे एकच गोष्ट होती, तीच सांगितली. पाटीची. पदर, ट्रक, पोरं पों-पों करत मागे. मग, नंबर वाच. मग सायकल, बोर्ड, ब्रेक, नाक. मला सांगता सांगता रडायला येऊन राहिलं होतं आणि मी ते हसण्यात लपवत होतो, त्यामुळे आवाज बकरीसारखा झाला. शेवटी म्हणालो, "काकू, ती चौथ्या स्थळापासून रात्री जेवत नाही. खोट तीच एक आहे."

काकू खाली बघत होत्या. मीही बघितलं. हत्तीच्या सावलीत ताईनं डबा उघडला होता. अरविंदराव रेतीवरच बसलेले, हातात द्रोण. काय बोलत होते ते वरून ऐकू येत नव्हतं. त्यांनी खाल्लं, द्रोण पुढे केला. ताईनं परत वाढलं. परत पुढे केला. मग त्यांनी दुसरा द्रोण घेतला, स्वतः भरला आणि तिच्या हातात दिला. आणि ताईनं खाल्लं. आई जवळ जाणार होती, नानांनी तिचा हात धरून आरसे दाखवायला नेलं. नानांची त्या दिवशीची दहा वाक्यं संपली असतील, पण हे काम त्यांनी चांगलं केलं.

गेंदालालजींनी एकदा वर बघून विचारलं, "सरपंच के यहाँ जनरेटर है, ले आऊँ क्या?" मी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. "रहने दो," काकू म्हणाल्या. लोकांना मी सांगतो की मी बहिणीसाठी दोन तास आकाशात बसून राहिलो. खरं म्हणजे मला कोणी विचारलंच नव्हतं.

लाइट आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मोटार घुरघुरली, झुला हलला आणि आम्ही खाली आलो. काकूंनी उतरून लुगडं झटकलं, ताईजवळ गेल्या, डब्यात उरलेला कीस बोटानं चाखला आणि आईला म्हणाल्या, "मिठाला थोडा कमी आहे. आमच्याकडे आली की सांगेन." आईला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती हत्तीला टेकून खाली बसली.

"सुपारी इथंच फोडून टाकू," काकू म्हणाल्या. आमच्यात सुपारी फोडली की ठरलं, मग मागे फिरणं नाही. "आहे का कोणाकडे?"

आई पिशवी चाचपायला लागली. नानांनी खिसे बघितले. कोणाकडे नव्हती. आणि मला एकदम आठवलं, आयुष्यात पहिल्यांदा जी वस्तू सगळ्यांना पाहिजे ती माझ्याकडे होती. मी पुढे झालो, मूठ उघडली आणि छाती काढून उभा राहिलो.

काकूंनी ओली सुपारी बघितली, मला बघितलं.

"ही नको," म्हणाल्या. "ही परत तोंडात घाल. लग्न होईपर्यंत काढू नकोस."